गाठीचा निकाल

(विरार येथे प्रौढ स्त्रियांच्या वाचनवर्गापुढे केलेले भाषण)



अवघड जागेचं दुखणं अन् जावई वैद्य, अशी आपल्याकडे म्हण आहे. जावयाला कसं दाखवायचं, म्हणून सासू दुखणं अंगावर काढते. म्हण ऐकून आपण हसतो. पण अशी दुखणी अंगावर काढून बाया जिवाला मुकतात. आज मी तुम्हांला अशाच एका दुखण्याविषयी सांगणार आहे. ते म्हणजे स्तनाचा कॅन्सर.

मी फळ्यावर शब्द लिहिला आहे. वाचा : स्तन. दोनच अक्षरं आहेत, पण वाचताना सगळ्यांचा आवाज खाली आला. ज्या अंगावर आपण लेकरू पाजलं, त्याचं नाव घ्यायला लाज कशाला? डॉक्टरपुढे हा शब्द उच्चारता आला पाहिजे. म्हणून आजचा पहिला धडा तोच.

आपल्या देशात बायांना होणाऱ्या कॅन्सरांत हा कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेचा अंदाज आहे, की २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना तो झाला. त्याच वर्षी सुमारे ९८ हजार बाया त्याने दगावल्या. युरोप-अमेरिकेतल्या बायांपेक्षा आपल्या बायांना तो साधारण दहा वर्षं आधी गाठतो. घरात मुलं शाळेत जात असतात, त्या वयात. बंधूंनो, तुम्हीही ऐका. या कॅन्सरच्या शंभर रोग्यांत एखादा पुरुषही असतो.

हा रोग लवकर सापडला तर पुष्कळदा बरा होतो. मग अडतं कुठे? गाठ हाताला लागली, त्या दिवसापासून ती गाठ कसली हे कळेपर्यंत वेळ जातो. तो वेळच बाईचा घात करतो. आज आपण त्या वेळाविषयी बोलू.

गाठ कसली?

गाठ लागली म्हणजे कॅन्सरच झाला, असं नाही. दर दहा गाठींतल्या आठ-नऊ गाठी साध्या असतात. तरुण मुलींना बोटाखालून सटकणारी, गोटीसारखी गाठ होते. कोणाला पाण्याची गाठ होते. पाजणाऱ्या बाईला दूध साचून गळू होतं.

पण उरलेली एक गाठ कोणती, हे वरून कळत नाही. शेजारणीला कळत नाही, आणि नुसतं पाहून मोठ्या डॉक्टरलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आपली फसगत कुठे होते ते ऐका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गाठ वाटाण्याएवढी असते. बाईला पहाटे उठून फुलं खुडायची असतात, ती दादरच्या बाजारात न्यायची असतात. कोणाला मासळीची पाटी घेऊन गाडी धरायची असते. एक खाडा झाला तर चूल थंड राहते. ती म्हणते, दुखत नाही ना, मग गणपती झाल्यावर बघू. गणपतीमागून दिवाळी येते. दिवाळीमागून लग्नसराई येते. तोवर वाटाण्याची सुपारी होते आणि सुपारीचं लिंबू होतं.

म्हणून या खुणा ध्यानात ठेवा. स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागणे. स्तनाग्र आत ओढले जाणे. त्यातून रक्त येणे. कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. स्तनाग्रावरची खपली किंवा जखम बरी न होणे. एका बाजूचा आकार बदलणे. यांतली एकही खूण दिसली, तर सणाची वाट पाहू नये. लेप आणि झाडपाला यांत महिने घालवू नयेत. पाजणाऱ्या बाईच्या गळवावर औषध दिलं आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर तिचीही नीट तपासणी झालीच पाहिजे.

हात, चित्र आणि सुई

गाठीची परीक्षा तीन पायऱ्यांनी होते. पहिली हाताने, दुसरी चित्राने, तिसरी सुईने.

पहिली पायरी हाताची. डॉक्टर किंवा शिकलेली नर्स दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा बोटांनी चाचपून पाहते. याला यंत्र लागत नाही. आडोसा लागतो आणि शिकलेला हात लागतो. तपासणारी बाईच हवी असेल, तर तसं सांगावं. पुरुष डॉक्टर असेल, तर सोबत नर्स असावी असं म्हणण्याचा तुम्हांला हक्क आहे.

दुसरी पायरी चित्राची. चित्र दोन तऱ्हेचं असतं.

एक मॅमोग्राफी. हा स्तनाचा एक्स-रे आहे. एक्स-रेचे किरण १८९५ साली राँटजेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शोधले. मॅमोग्राफीत स्तन दोन पाट्यांमध्ये काही क्षण दाबून धरतात. दाबल्यावर कळ लागते, पण लगेच सोडतात. प्रत्येक बाजूची दोन-दोन चित्रं घेतात. जाताना काखेत पावडर लावू नये, कारण तिचे कण चित्रात पांढरे ठिपके होऊन दिसतात.

दुसरी सोनोग्राफी. ही आवाजाच्या लाटांनी करतात. तो आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. बाजारात आपण मडकं वाजवून पाहतो, तसाच हा प्रकार. अर्नाळ्याच्या कोळ्यांना मासे शोधायचं यंत्र ठाऊक असेल. ते पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून मासळीचा थवा दाखवतं. सोनोग्राफीचंही तसंच आहे. गाठीत पाणी आहे की गाठ भरीव आहे, हे तिच्यात चांगलं दिसतं.

मग दोन्हींत चांगली कोणती? ते वयावर आहे. तरुण बाईचा स्तन घट्ट असतो. मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो, आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. धुक्यात पांढरा बगळा दिसत नाही, तसं होतं. म्हणून चाळिशीच्या आतल्या बाईची सोनोग्राफी आधी करतात. वय वाढलं की स्तनात चरबी वाढते, धुकं विरळ होतं, आणि मॅमोग्राफीत गाठ नीट दिसते. हाताला न लागणारे चुन्यासारखे बारीक कणही तिच्यात दिसतात.

मॅमोग्राफीच्या कागदावर ‘बायरॅड्स’ असं लिहून पुढे ० ते ६ असा आकडा लिहितात. १ किंवा २ म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ, सहा महिन्यांनी पुन्हा पाहायची. ४ किंवा ५ म्हणजे सुईची तपासणी केलीच पाहिजे. ० म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी चित्रं काढायची आहेत. शून्य पाहून ‘काही नाही’ असं समजू नका. ६ म्हणजे कॅन्सर आहे हे आधीच ठरलेलं आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हाताला गाठ लागते आहे आणि चित्रात काही दिसत नाही, असंही होतं. मॅमोग्राफीतून दहांतले एक-दोन कॅन्सर निसटतात. म्हणून गाठ संशयाची असेल, तर चित्र कोरं आलं तरी सुई टाळू नये.

शितावरून भात

तिसरी पायरी सुईची. हिला बायॉप्सी म्हणतात. निकाल इथेच लागतो.

भात शिजला की नाही हे आपण एका शितावरून ओळखतो. सारं पातेलं उपसत नाही. बायॉप्सी म्हणजे गाठीतलं शीत काढून पाहणं.

सुया दोन तऱ्हेच्या असतात. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हे काम स्वस्त आणि झटपट होतं. पण त्यात सुट्या पेशीच मिळतात. कॅन्सर आजूबाजूला शिरला आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

दुसरी जाड सुई. तिने गाठीचे काडीएवढे बारीक तुकडे निघतात. आधी इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. कातडीला लहानशी चीर देतात. सुईला स्प्रिंग असते, तिचा खट् असा आवाज होतो. त्या आवाजाने दचकू नका. असे तीन-चार किंवा जास्त तुकडे घेतात. मग काही मिनिटं जागा दाबून धरतात आणि पट्टी लावतात. टाके बहुधा लागत नाहीत. बाई त्याच दिवशी घरी येते. दोन-चार दिवस जागा काळी-निळी दिसते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरला आधी सांगावं.

या तुकड्यांवरून कॅन्सर आहे की नाही ते कळतं. असला तर कोणत्या जातीचा आहे आणि कोणतं औषध लागू पडेल, तेही कळतं. त्यासाठी ‘ई. आर.’, ‘पी. आर.’ आणि ‘हर-टू’ या तीन परीक्षा करतात.

सोनोग्राफीत पाहत पाहत सुई घातली, की ती नेमकी गाठीत जाते. शीत पातेल्यातलंच हवं ना? तसा तुकडाही गाठीतलाच हवा. गाठ हाताला कठीण लागते, चित्रात वाईट दिसते, आणि सुईचा निकाल मात्र ‘साधी’ असा येतो. तिन्हींचा मेळ बसत नाही. अशा वेळी तुकडा भलत्या जागचा असू शकतो. मग सुई पुन्हा करावी.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं गावोगाव बोलतात. या भीतीने बाया सुई टाळतात. ही भीती खरी नाही. सुई टाळली म्हणून गाठ थांबत नाही. ती आपल्या चालीने वाढतच असते.

आणखी एक घातक चाल आहे. काही ठिकाणी सुई न लावता सरळ गाठच कापून काढतात. काढलेली गाठ तपासायला पाठवतच नाहीत. बाईला वाटतं, कटकट गेली. गाठ कॅन्सरची असेल, तर अर्धवट शस्त्रक्रियेने पुढचा इलाज अवघड होतो, आणि गाठ कसली होती हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून कापण्याआधी सुई, आणि अंगातून जे निघेल त्याची तपासणी, हा नियम धरावा.

मुंबईतला एक मोठा प्रयोग

तुम्ही म्हणाल, बाई, हे सारं मुंबईला. परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. विरारहून मुंबईला गाडी तर १८६७ सालापासून जाते. पण घरचं काम टाकून, गर्दीत उभं राहून तिथे जायचं, म्हणजे सोपं नाही. जव्हार-मोखाड्याच्या बाईला तर आधी एसटी, मग गाडी.

म्हणूनच टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख बाया त्यात होत्या. त्यांचे दोन भाग केले. एका भागात दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, हाताने स्तन तपासले. तपासणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या. शाळा शिकलेल्या साध्या बायांना ही विद्या शिकवली होती. दुसऱ्या भागात माहिती सांगितली आणि लक्ष ठेवलं.

वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली छापून आला. हाताने तपासलेल्या भागात कॅन्सर झालेल्या शंभर बायांपैकी ३७ बाया वाढलेल्या अवस्थेत सापडल्या. दुसऱ्या भागात शंभरात ४७. पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मात्र मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. जे दिसलं तेवढंच सांगते.

यातून काय घ्यायचं? शिकलेला हात मोठं काम करतो. पण हाताने गाठ सापडली की काम संपत नाही. संशयाच्या बाईला पुढे पाठवून निकाल लावावाच लागतो.

बाईऐवजी बाटली

लहान दवाखान्यात मॅमोग्राफीचं महाग यंत्र नसतं. असलं तर ते चालवणारा आणि चित्र वाचणारा मिळत नाही. म्हणून तिथे निदानच होणार नाही का? होऊ शकतं. शिकलेला हात, सोनोग्राफीचं यंत्र, जाड सुई, बधिर करायचं औषध आणि एक बाटली, एवढ्यावर पुष्कळ काम भागतं. गाठीचा तुकडा पाहणारा पॅथॉलॉजिस्ट गावात नसला तरी चालतो. तुकडा बाटलीतून त्याच्याकडे जाऊ शकतो. तपासणीसाठी बाईने पाच खेपा घालण्यापेक्षा बाटलीने एक खेप घातलेली बरी.

पण बाटली नीट हवी. तुकडा निघाला की तासाभराच्या आत फॉर्मॅलीन नावाच्या औषधात बुडवावा लागतो. औषध तुकड्याच्या निदान दहापट हवं. पाण्यात, सलाईनमध्ये किंवा कोरड्या बाटलीत ठेवला, तर तुकडा खराब होतो. मग निकाल चुकतो, नाहीतर लागतच नाही. फॉर्मॅलीनमध्ये तुकडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला, तर औषध ठरवायच्या त्या तीन परीक्षा बिघडू शकतात. तेव्हा बाटली कपाटात पडू देऊ नये.

पुष्कळदा ही बाटली रोग्याच्या घरच्या माणसाच्याच हाती देतात. म्हणून नीट ऐका. बाटलीला बर्फ लागत नाही. तिचं झाकण उघडू नका, वास घेऊ नका. फॉर्मॅलीन विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवा. बाटलीवर नाव, तारीख आणि नंबर आहे ना, ते पाहा. सोबतच्या कागदावर तोच नंबर आहे ना, ते ताडून पाहा. उजवी बाजू की डावी, तेही लिहिलेलं हवं. नाव इंग्रजीत असेल, तर वाचून दाखवायला सांगा. आकडे तर तुम्हांला येतातच. प्रयोगशाळेत बाटली दिल्यावर पावती घ्या आणि निकाल कोणत्या तारखेला मिळेल ते तिच्यावर लिहून घ्या.

निकालाचा कागद

ठरल्या दिवशी निकाल आणायला जा. निकाल आणलाच नाही, म्हणून किती तपासण्या फुकट जातात! ‘काही असतं तर त्यांनी बोलावलं असतं,’ असं धरून चालू नका.

कागद बहुधा इंग्रजीत असतो. त्यातले चार शब्द कानांनी ओळखून ठेवा. ‘बेनाईन’ म्हणजे साधी गाठ. ‘मॅलिग्नंट’ किंवा ‘कार्सिनोमा’ म्हणजे कॅन्सर. ‘सस्पिशस’ म्हणजे संशय आहे, आणखी तपासणी हवी. ‘इनॲडिक्वेट’ म्हणजे नमुना अपुरा पडला. या शेवटच्या शब्दाने फार घोटाळा होतो. कॅन्सर लिहिलेला नाही, म्हणून लोक निश्चिंत होतात. पण नमुना अपुरा म्हणजे निकाल लागलेलाच नाही. सुई पुन्हा करायची.

निकाल कॅन्सरचा आला, तरी धीर सोडू नये. महाराष्ट्रात महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयांत कॅन्सरचे उपचार होतात. तिथे आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटावं. गाठ लहान असताना गेलं, तर पुष्कळदा स्तन राखूनही शस्त्रक्रिया करता येते.

आणि या साऱ्याला किती दिवस लागावेत? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कॅन्सरसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बाई पहिल्यांदा दवाखान्यात आली, तेव्हापासून ६० दिवसांच्या आत निदान पुरं व्हावं, असं त्यांनी ठरवलं आहे. साठ दिवस म्हणजे दोन महिने. त्याहून उशीर होऊ लागला, तर गप्प बसू नका.

आता वह्या काढा

बायॉप्सीच्या आधी कागदावर सही मागतात. इथे बसलेल्या काही जणी गेल्या वर्षीपर्यंत अंगठा उठवत होत्या. आता तुम्हांला सही येते. तेव्हा सही करण्याआधी, कशासाठी करायची हे विचारायचं. भावजय, सून किंवा शेजारीण जाणार असेल, तर तिच्यासोबत तुम्ही जायचं. तिच्या घरच्यांनाही दोन शब्द समजावून सांगायचे.

मी सांगते ते चार प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. दवाखान्यात जाताना हा कागद जवळ ठेवायचा.

१. माझी गाठ हाताने आणि चित्राने तपासली, आता सुई कधी?

२. तुकडा फॉर्मॅलीनमध्ये ठेवला का? बाटलीवर माझं नाव आहे का?

३. निकाल कोणत्या तारखेला मिळेल?

४. हात, चित्र आणि सुई, तिन्हींचा मेळ बसतो का?

लिहून झालं की शेजारणीची वही वाचून पाहा. चुकलेलं अक्षर सुधारा. आणि आज रात्री घरातल्या एका तरी बाईला हे चार प्रश्न वाचून दाखवा.